नको, हाय माझ्याकडं

गव्हाणे सर गेल्याची बातमी मी स्टाफरूममध्ये सांगितली, तेव्हा कुणीतरी लगेच विचारलं, "शेवटी लिव्हरनंच दगा दिला ना?" मी नाही म्हणाले. खुर्ची ओढून बसून राहिले. आजही भाजी निवडता निवडता माझा हात मध्येच थांबतो. असं कसं झालं? असं कधी कुणाचं होतं का? माझ्या नवऱ्याला आता माझ्या या प्रश्नांची सवय झाली आहे. तो भाजीचं ताट स्वतःकडे ओढून घेतो.

माणूस कसा होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही.

सर गणित शिकवायचे. उंच, काटकुळे, गाल आत गेलेले, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. खांद्याला कायम खाकी कापडाची पिशवी. तिच्यात पाण्याची बाटली, स्टीलचं एक फुलपात्र, भाकरीचा डबा, स्वतःचे खडू, स्वतःचं डस्टर आणि बाराही महिने छत्री. कुणी काहीही पुढं केलं की उजव्या हाताचा पंजा छातीपर्यंत वर यायचा, मान जराशी कलायची आणि ठरलेलं वाक्य बाहेर पडायचं, "नको, हाय माझ्याकडं." वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस या एका वाक्याला मात्र थेट पाचोडला, आपल्या गावाकडं जाऊन पोचायचा. पोरं त्यांना मागून 'नको सर' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. चालायचं त्यांना.

मी हिंदी शिकवते. माझं माहेर इथल्याच शहागंज मोहल्ल्यातलं. आमच्या घरी दारात आलेला माणूस काही न खाता परत गेला तर अम्मी दोन दिवस चेहरा पाडून बसायची. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी डब्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा नेला आणि मोठ्या हौसेनं सगळ्यांना वाढला. सरांसमोर ताटली ठेवली, तर पंजा वर. "नको सय्यद बाई, हाय माझ्याकडं." मला वाटायचं तेच वाटलं. आडनावामुळे. घरी जाऊन रडले. अम्मी म्हणाली, "जाने दे, किस किस का दिल पकड़ के बैठेगी." पण मी काही सोडून देणाऱ्यांतली नाही. मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले.

आणि काय पाहिलं? मुख्याध्यापकांना नातू झाला, पेढे आले. पंजा वर. निरोपसमारंभाचे वडे आले. पंजा वर. आमचे शिपाई शिंदे मामा सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आले, तो तेवढा सरांनी कागदात बांधून घेतला, कपाळाला लावला आणि संध्याकाळी फाटकाजवळच्या गायीला घातला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा कुठं माझा जीव थंड झाला. जो माणूस देवालाही नको म्हणतो, तो मला म्हणाला तर त्यात काय एवढं?

देण्यात मात्र ते सगळ्यांच्या पुढं. माझ्या मुलाचं दहावीचं गणित कच्चं होतं. सरांनी वर्षभर आमच्या घरी येऊन त्याला शिकवलं. समोर सरबत ठेवलं तर ग्लास हळूच बाजूला सरकवून पिशवीतलं फुलपात्र काढायचे. दर ईदला मोसंब्यांची पिशवी घेऊन यायचे, तासभर बसायचे, सगळ्यांची विचारपूस करायचे आणि शीरखुर्म्याकडं अगदी प्रेमानं बघून म्हणायचे, "वास फार छान येतोय." बस्स. मला राग यायचा, अजूनही येतो. द्यायचं आणि घ्यायचं नाही, हा मोठेपणा नाही, हा अहंकार आहे, असं मी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "असंल."

एका निवडणुकीची आमची ड्यूटी पाचोडला लागली होती. उन्हाळा म्हणजे नुसती भट्टी. दुपारपर्यंत सरांची बाटली संपली. केंद्रावर थंड पाण्याचे जार होते, गावकरी आग्रह करून ग्लास पुढं करत होते. हे महाशय फुलपात्र घेऊन भर उन्हात पार वेशीजवळच्या हापशावर निघाले. परत येताना ओसरीच्या पायरीवर मटकन बसले. मी अशी भडकले की पोलिंग एजंटसुद्धा वळून बघायला लागले. "सर, पागल झालात का? पाणी आहे ते! पाण्याला कसला उपकार?"

त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले. "बाई, मी ह्याच गावात वाढलो. आई मला जन्म देऊन गेली, मामांनी आणलं इथं. मामी वाईट नव्हती. पण मी घास उचलला की बघायची. नुसती बघायची. शेजारीण आली की सांगायची, ह्यो आमच्या ताटातला वाटेकरी. ते बसलं बघा इथं." त्यांनी गळ्याला हात लावला. "दुसऱ्याचं काय घेतलं की इथनं खाली उतरतच नाय." मग उठून ते मतदारांच्या रांगेकडं गेले.

त्यानंतर मी त्यांना आग्रह करणं सोडलं. म्हणजे कमी केलं.

त्यांची मुलगी वैशाली, एकुलती एक. सरांची बायको लवकर गेली, त्यामुळे वैशालीच्या वेण्या घालण्यापासून सगळं सरांनीच केलं. तिला देवगाव रंगारीला दिली. शेतीवाडी असलेलं, माणसांनी भरलेलं घर. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही रीत इकडच्या जुन्या माणसांमध्ये आहेच, आणि नातवंड झालं की तीसुद्धा सैल होते. सरांच्या बाबतीत ती सैल होण्याचा प्रश्नच नव्हता. महिन्यातून एकदा देवगावला जायचे, पिशवीतून भाकरी काढून अंगणात बसून खायचे आणि शेवटच्या एसटीच्या आत परत. वैशाली बापावरच गेलेली, तोंडाची फटकळ. एकदा सगळ्या सासरच्यांसमोर म्हणाली, "बाबा, तुमी मला भेटाया येता का तपासणीला येता?" सर हसले. पण पाणी नाहीच प्याले.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी सरांचं पोट फुगायला लागलं, पाय सुजले, डोळे पिवळे झाले. तपासणीत निघालं, लिव्हर कामातून गेलेलं. ज्या माणसानं कधी चहासुद्धा घेतला नाही, त्याच्याबद्दल लोक कुजबुजायला लागले, "सर पीत होते की काय?" डॉक्टरांनी सांगितलं, न पिणाऱ्यांचंही जातं, साखरेनं जातं, चरबीनं जातं, कधी कारण सापडतही नाही. पण ऐकतंय कोण! लिव्हर बदलणं हा एकच उपाय होता आणि ते जिवंत माणसाकडूनही घेता येतं, देणाऱ्याचं उरलेलं लिव्हर परत वाढतं, हे मला तेव्हा कळलं. वैशालीचा रक्तगट जुळला.

सर नको म्हणाले. अर्थातच.

मी आणि माझे मिस्टर त्या दिवशी त्यांच्या सिडकोतल्या घरी होतो. वैशालीचा नवरा होता, सासूबाई होत्या आणि दोघांनीही होकार दिला होता. सरांचा पंजा वर झाला. "नको. माझं झालंय आता. हाय तेवढ्यावर चालतंय माझं."

वैशाली उठली आणि बापासमोर जाऊन उभी राहिली. "जल्मभर ऐकत आले, हाय माझ्याकडं, हाय माझ्याकडं. हे नाय तुमच्याकडं, बाबा! हे माझ्याकडं हाय. आता घ्यायचं. नाय घेतलं तर मी ह्या दारात परत पाऊल ठेवणार नाय, तुमी गेल्यावर पण येणार नाय." तिचा आवाज फाटला. सर जमिनीकडं बघत म्हणाले, "बरं."

मला विश्वासच बसेना. मी मिस्टरांचा हात घट्ट धरला होता आणि ते हळू आवाजात मला म्हणत होते की नखं लागताहेत.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आम्हीच त्यांना गाडीनं घेऊन गेलो. ऑपरेशनच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून एक गोष्ट समजावली. एक विषाणू असतो, आपल्याकडं जवळजवळ प्रत्येकाला तो लहानपणीच होऊन गेलेला असतो. कळतसुद्धा नाही, साधा ताप येऊन जातो. आईच्या दुधातून, लाळेतून, एकमेकांच्या उष्ट्यातून. मग तो अंगात गप्प पडून राहतो आणि शरीर त्याला ओळखून असतं, म्हणून त्रास देत नाही. वैशालीच्या अंगात तो होता, तसा माझ्या तुमच्याही असणार. सरांच्या अंगात मात्र नव्हता.

"या वयाचा माणूस आणि हा कोराच, असं मी फार क्वचित पाहिलंय," डॉक्टर रिपोर्ट उलटसुलट करत म्हणाले. मग गमतीनं विचारलं, "सर, तुम्ही जन्मात कुणाचं उष्टं खाल्लं नाहीत का?"

आम्ही सगळे हसलो. वैशाली तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सरही हसले. कारण नक्की कुणाला सांगता येणार, डॉक्टरांनाही नाही. पण हसता हसता माझ्या डोळ्यांसमोर ते फुलपात्र आलं.

डॉक्टरांनी पुढचंही सांगितलं. वैशालीच्या लिव्हरबरोबर तो विषाणू सरांच्या अंगात येणार, आणि सरांचं शरीर त्याला ओळखत नाही. शिवाय शरीरानं नव्या लिव्हरला परकं मानून त्यावर तुटून पडू नये, म्हणून प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवावी लागणार. म्हणजे विषाणूला रान मोकळं. म्हणून काही महिने त्याला आवरणारी वेगळी गोळी द्यायची. तोवर दाबून ठेवणाऱ्या गोळ्या हळूहळू कमी करत आणायच्या, त्यातली स्टेरॉइडची तर पूर्ण बंदच करायची. मग ती विषाणूवरची गोळीही थांबवायची, कारण तोपर्यंत शरीर स्वतःचं स्वतः बघायला लागतं. गणिताच्या माणसाला हे लगेच समजलं. त्यांनी मान डोलावली.

ऑपरेशन झालं. दोघंही बरी झाली. मास्क लावायचा, उकळलेलं पाणी प्यायचं, गर्दीत जायचं नाही, बाहेरचं खायचं नाही, ताटवाटी वेगळी ठेवायची, असे नियम मिळाले तेव्हा सरांना कोण आनंद झाला! "बघा बाई, डॉक्टर माझ्याच पार्टीतले निघाले," असं मला फोनवर म्हणाले. सिडकोच्या घरात वैशालीच्या सासूबाई दोघांचं करायला येऊन राहिल्या. विहीणबाईंच्या हातची भाकरी सर मान खाली घालून खायचे आणि पोटाला टाके असताना आपलं ताट धुवायला उठायचे. सासूबाई ओरडायच्या. पण खायचे, हे महत्त्वाचं.

मग एक दिवस रिपोर्ट बिघडले. शरीर नव्या लिव्हरवर उठलं होतं. असं पुष्कळांचं होतं, आटोक्यात येतं, आणि सरांचंही आलं. चार-पाच दिवस पुण्याला नेऊन स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, गोळ्या वाढवल्या आणि परत घरी पाठवलं. पण त्या दिवसांत वैशालीचा धीर सुटला होता. घरी परतल्यावर सर आतल्या खोलीत झोपलेत असं समजून ती स्वयंपाकघरात माझ्या गळ्यात पडून रडली. "मॅडम, माझंच कायतरी कमी पडलं का वो? माझंच चांगलं नव्हतं का? इतक्यांदा मागं लागून दिलं, आन् तेबी त्यांच्या अंगाला चाललं नाय."

मी तिची समजूत घातली. पुढं सगळं सुरळीत झालं. वैशाली देवगावला परत गेली, सासूबाईही गेल्या. सर आपलं आपण करायला लागले. रक्ताचे रिपोर्ट फोनवरून पुण्याला पाठवायचे, तिकडून सूचना यायच्या. लिव्हरचे रिपोर्ट दर वेळी एकदम उत्तम.

आणि सर सुधारले! हे सांगताना आता मला कसंतरी होतं. आत गेलेले गाल वर आले. चेहरा गोल, तुकतुकीत झाला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनासाठी ते मास्क लावून शाळेत आले, फाटकापाशी लांब उभे राहिले आणि फोटोपुरता त्यांनी मास्क खाली केला. सगळे बघतच राहिले. शिंदे मामा म्हणाले, "सर, लई टकाटक झाले की वो! देवगावचं तूप लागलं." कुणी म्हणालं, "दहा वर्षांनी लहान दिसताय." वैशालीनं तो फोटो आपल्या सगळ्या पाहुण्यांना पाठवला. मला फोन करून म्हणाली, "मॅडम, बघितलं का? बाबा भरले. लागलं त्यांच्या अंगाला." इतका आनंद मी तिच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. आपल्याकडं गाल वर आले म्हणजे माणूस सुधारला. यापलीकडं कोण काय बघतो?

दिवाळीनंतर सरांना ताप यायला लागला. कुणाला सांगतील तर शपथ. मी फोन केला तर म्हणाले, "गोळी घेतली. हाय माझ्याकडं." आवाजात धाप होती. मला राहवेना, मिस्टरांना घेऊन घरी गेले. सर पलंगावर बसून श्वास ओढत होते. त्यांना गाडीत घालून आम्ही इथल्याच दवाखान्यात नेलं, वैशाली देवगावहून आली.

इथल्या डॉक्टरबाई तरुण, कमी बोलणाऱ्या. सरांकडं एक नजर टाकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्टेरॉइड किती घेताय?"

"ते तर कधीच बंद झालं, मॅडम," वैशाली म्हणाली. "पुण्याच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच बंद केलं."

"बंद झालंय? मग चेहरा असा कसा?" डॉक्टरबाईंनी सरांच्या गालावर बोट टेकवलं. "ही तब्येत नाही. ही सूज आहे. स्टेरॉइडची."

ज्या गालांचं सगळ्या शाळेनं कौतुक केलं होतं, ते हे गाल. वैशालीनं माझ्याकडं बघितलं. तिला अजून कळलं नव्हतं.

घरातली सगळी औषधं आणायला डॉक्टरबाईंनी आम्हाला पिटाळलं. सिडकोच्या घरात औषधाचा डबा टेबलावर होता, तो बरोबर होता, जेवढ्या गोळ्या असायला हव्यात तेवढ्याच. वैशाली डबा घेऊन निघालीही होती. माझं लक्ष खुंटीवरच्या खाकी पिशवीकडं गेलं. फुलपात्र काढलं तर आत गोळ्यांच्या पाकिटांचा गठ्ठा. बंद केलेल्या गोळ्या. कमी केलेल्या गोळ्या. जुन्या चिठ्ठीवर आणलेल्या नव्याकोऱ्या. फक्त विषाणू आवरणारी गोळी त्यात नव्हती. ती मात्र पुण्याहून सांगितलं त्याच दिवशी त्यांनी थांबवली होती. मी वैशालीला हाक मारून परत बोलावलं आणि पिशवी तशीच उचलून घेतली.

पुण्याहून गोळ्या कमी करायच्या सूचना आल्या की हा माणूस फोनवर हो म्हणायचा आणि सुरुवातीला होत्या तेवढ्याच घेत राहायचा. कधी खोटं न बोललेला माणूस! त्या गोळ्यांमुळे लिव्हरचे रिपोर्ट झकास येत आणि रिपोर्ट झकास म्हणून पुण्याचे डॉक्टर निर्धास्त. विषाणूवरची गोळी थांबली, शरीर मात्र दाबलेलंच राहिलं. जो विषाणू वैशालीच्या अंगात तिचं केसभरही वाकडं न करता पडून होता, तो सरांच्या फुप्फुसात पसरला होता. तपासणीत तोच सापडला.

"का?" डॉक्टरबाईंनी त्यांना विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "सांगितलेलं समजलं नव्हतं का तुम्हाला?"

सरांनी ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. "समजलं होतं."

"मग?"

ते वैशालीकडं बघून बोलले. "तू रडलीस ना स्वयंपाकघरात, मी ऐकत होतो. माझ्या अंगाची खोड मला ठावं हाय, पोरी. ह्याला दुसऱ्याचं कधी चालत नाय. एकदा उठलं होतं, गोळ्या कमी केल्या की परत उठलं असतं. तू पोट फाडून दिलंस. ते जर माझ्या अंगानं टाकलं तर तुला काय तोंड दाखवू? म्हणून दाबून ठेवलं."

वैशाली पलंगाच्या दांडीवर हात आपटून किंचाळली, "आवो, मी लिव्हर तुमच्यासाठी दिलं! तुमाला लिव्हरसाठी नाय दिलं!" नर्स धावत आली. मी तिला धरून बाहेर आणलं.

विषाणूवरचं औषध सलाइनमधून सुरू झालं. डॉक्टरबाईंनी सांगितलं की आता दाबणाऱ्या गोळ्या भराभर खाली आणायला हव्यात, बहुतेक थांबवाव्या लागतील, म्हणजे शरीराला लढता येईल. यात लिव्हरला थोडा धोका होता, पण आधी जीव. सगळं समजावून झालं आणि सरांनी पंजा वर केला. "नको."

"बाबा, ऱ्हायलं तर ऱ्हायलं, गेलं तर गेलं," वैशाली त्यांच्या उशाशी वाकून म्हणत होती. "मी परत काय बी मागणार नाय. तुमी ऱ्हावा."

"तुझं हाय ते," सर म्हणाले. "मी नाय घालवणार."

डॉक्टरबाईंनी अर्थातच त्यांचं ऐकलं नाही. गोळ्या कमी केल्या. पण त्या कमी व्हायला फार उशीर झाला होता. फुप्फुसं भरत गेली, श्वासाचं यंत्र लागलं आणि आठवड्याच्या आत सर गेले.

शेवटचे कागद हातात देताना डॉक्टरबाई वैशालीसमोर थांबल्या. त्यांना बहुतेक काहीतरी बरं वाटेल असं बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, "लिव्हर शेवटपर्यंत छान चाललं होतं. त्यांच्या शरीरानं ते पूर्ण स्वीकारलेलं होतं. कमी गोळ्यांवरही चाललं असतं."

वैशालीनं ऐकून घेतलं. खाली वाकून तिनं खाकी पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि नवऱ्याच्या मागून जिना उतरून गेली. मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं मला ज्याचा राग येत होता त्या 'नको'नं माणूस मारला, आणि तोही त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी घेतल्यावर. हे कुणाला जाऊन सांगायचं?

यंत्र लावायच्या आदल्या संध्याकाळी मला पाच मिनिटं आत सोडलं होतं, तेव्हाचे सर डोळ्यांपुढून जात नाहीत. मास्कच्या आत गोल झालेला तो चेहरा, डोळे मिटलेले. उजवा हात सलाइनला बांधलेला होता, त्यामुळे पंजा वर करायची सोय नव्हती. डावा हात चादरीच्या आत होता. नर्स चादर नीट करायला आली तेव्हा दिसलं, तो हात त्यांनी पोटावर उजव्या बाजूला, बरगडीखाली, घट्ट दाबून धरला होता. गर्दीत पाकीट धरतात तसा.

"काका, दुखतंय का तिथं?" नर्सनं विचारलं आणि हात बाजूला घ्यायला गेली.

सरांनी हात हलू दिला नाही. डोळे उघडले, मला ओळखलं, नाही म्हणून मान हलवली. मग मास्कच्या आतून, श्वास तोडत तोडत, माझ्याकडं बघून म्हणाले, "हाय... माझ्याकडं."